भागायचं की गुणायचं? मोल, मोलॅरिटी आणि एमएलचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात ओघाओघात लिहून गेले की द्रावण किती घ्यायचं हे काढायला मोलना (मोल म्हणजे पदार्थ किती आहे ते मोजायचं केमिस्ट्रीतलं एकक) मोलॅरिटीने (एका लिटर द्रावणात किती मोल आहेत तो आकडा) भागा, झालं काम. त्या एका ओळीवर एवढे मेल आणि व्हॉट्सअॅप आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. गंमत म्हणजे भागाकार कुणालाच नडलेला नाही, सगळ्यांची गाडी अडलीये ती त्याच्या आधी नाहीतर त्याच्या नंतर.

*

मॅडम, क्लासमध्ये आम्हाला त्रिकोण शिकवलाय, वर मोल, खाली मोलॅरिटी आणि व्हॉल्यूम. पेपरात त्रिकोण उलटा आठवला. प्रश्न होता की ०.१५ मोल सोडियम हायड्रॉक्साइड हवं आहे, ०.६ मोलर द्रावण किती घ्याल. मी गुणाकार करून ०.०९ लिहिलं. त्रिकोण नीट लक्षात ठेवायची काही ट्रिक आहे का? — अकरावी सायन्स, सातारा

ट्रिक आहे, त्रिकोण विसरून जा. खरंच सांगते, हे त्रिकोण म्हणजे पेपरच्या आदल्या रात्रीपुरते असतात, हॉलमध्ये घाम फुटला की कोण वर आणि कोण खाली काही कळत नाही.

त्यापेक्षा ०.६ मोलर हे वाचायचं कसं ते शिक. त्याचा अर्थ एवढाच की या द्रावणाच्या एका लिटरमध्ये ०.६ मोल माल आहे. आता तुला ०.१५ मोल पाहिजे. एका गोणीत ५० किलो तांदूळ बसतो आणि मला १०० किलो पाहिजे तर गोण्या किती, हे काढताना तू त्रिकोण काढतेस का? नाही ना, सरळ भागतेस. तसंच इथे ०.१५ भागिले ०.६, म्हणजे ०.२५ लिटर, म्हणजे २५० एमएल.

आणि उत्तर आल्यावर पेन खाली ठेवायच्या आधी दोन सेकंद त्याच्याकडे बघ. पूर्ण लिटरमध्ये ०.६ मोल आहेत, तुला हवाय त्याचा चौथा हिस्सा, मग द्रावण पण पाव लिटरच लागणार, याला कॅल्क्युलेटर लागत नाही. तुझं ०.०९ लिटर उलटं तपासून बघ, ०.०९ गुणिले ०.६ म्हणजे ०.०५४ मोल, मागितलेल्याच्या निम्मे पण नाहीत. ही उलट तपासणी ज्याला सवयीची झाली त्याचे मार्क या गणितात जात नाहीत.

अजून एक, बरीच मुलं ०.२५ पर्यंत बरोबर येतात आणि पुढे एमएल लिहून मोकळी होतात. ०.२५ एमएल म्हणजे ड्रॉपरचे साधारण पाच थेंब गं! मोलॅरिटी लिटरवर आहे म्हणून उत्तर लिटरमध्येच येणार, एमएल पाहिजे तर हजाराने गुण. किंवा सुरुवातीलाच मोलचे मिलीमोल करून टाक, ०.१५ मोल म्हणजे १५० मिलीमोल, भागिले ०.६, थेट २५० एमएल. लॅबमध्ये काम करणारे बहुतेक लोक असंच करतात, कारण ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची खुणांची नळी, एमएलमध्ये असते, लिटरमध्ये नाही.

*

आमची द्राक्षबाग आहे त्यामुळे घरात मोरचूद (कॉपर सल्फेट) असतंच. कॉलेजमध्ये गणित आलं की ५० ग्रॅम कॉपर सल्फेटपासून ०.१ मोलर द्रावण किती लिटर बनेल. माझं उत्तर ३.१३ लिटर आलं, सरांनी २ लिटर सांगितलं. मी तीनदा केलं तरी ३.१३ च येतंय. चूक कुणाची? — बारावी, निफाड

गणित तुझं बरोबर आहे, माल चुकीचा धरलास.

तू कॉपर सल्फेटचं मोलर मास, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, १५९.५ घेतलंस, बरोबर? तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजनचे ६४. ५० भागिले १५९.५ म्हणजे ०.३१३ मोल, भागिले ०.१, आलं तुझं ३.१३. पण हे झालं कोरड्या, पांढऱ्या कॉपर सल्फेटचं. घरातल्या पिशवीतलं मोरचूद निळं आहे ना, तो निळा रंगच सांगतोय की स्फटिकात पाणी आहे, एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू, म्हणजे ९० वाढले, मोलर मास झालं २४९.५. आता ५० भागिले २४९.५ म्हणजे ०.२ मोल, आणि ०.१ मोलर द्रावण बरोबर २ लिटर. सर बरोबर आहेत, पण प्रश्नात फक्त कॉपर सल्फेट एवढंच छापलं असेल तर प्रश्न अर्धवट आहे आणि हे तू सरांना नम्रपणे सांगू शकतोस.

खरं बघायला गेलं तर या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त मुलं इथेच आपटतात. शेवटचा भागाकार पाचवीतलं पोर करेल, पण वर जो मोलचा आकडा बसवायचा तोच चुकला तर खाली कितीही सुंदर भागा. ऑक्झॅलिक अॅसिड बाटलीतलं १२६ धरायचं, ९० नाही, कारण त्यात पाण्याचे दोन रेणू आहेत. धुण्याचा सोडा स्फटिकरूपात असेल तर २८६, कोरडी पूड असेल तर १०६, म्हणजे जवळजवळ तिप्पट फरक. म्हणून बाटलीचं लेबल वाचल्याशिवाय वजनकाट्यापाशी जायचं नाही.

आता तुझ्या बागेचंच उदाहरण घे. एक टक्का बोर्डोसाठी (बुरशीवर फवारायचं मिश्रण) १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे तुझ्या वडिलांना झोपेत विचारलं तरी सांगतील. मोरचूद आधी वेगळं ५० लिटरमध्ये विरघळवतात, तर त्या निळ्या द्रावणाची मोलॅरिटी किती? १००० भागिले २४९.५ म्हणजे ४ मोल, ५० लिटरमध्ये, म्हणजे ०.०८ मोलर. चुन्याची निवळी पडली की मात्र हे गणित तसंच्या तसं लावू नकोस, कारण तांबं मग द्रावणात राहत नाही, त्याचा निळा गाळ होतो आणि पानावर तो गाळच चिकटून काम करतो. चुना पुरेसा पडलाय का हे बघायला घरात लोखंडी सुरी किंवा विळा त्यात बुडवून धरतात ते तू पाहिलं असशील, पात्यावर तांबूस लेप आला तर अजून चुना पाहिजे, नाही आला तर ठीक. म्हणजे द्रावणात मोकळं तांबं शिल्लक आहे का याचीच ती टेस्ट आहे, आणि मोरचूद लोखंडी पिंपात का कालवत नाहीत याचं उत्तर पण त्याच लेपात आहे.

*

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूलवर १० एमएल आणि १५ टक्के लिहिलेलं असतं, आणि ऑर्डरमध्ये ३० मिलीइक्विव्हॅलंट लिहिलेलं असतं. सिनियर सिस्टर लगेच सांगतात दीड अँप्यूल. हे कसं काढतात? — नागपूर

आधी हे लिहिते मग गणित. पोटॅशियम क्लोराइड अँप्यूलमधून थेट शिरेत कधीही द्यायचं नाही, ते सलाइनमध्ये पातळ करून, ठरलेल्या सावकाश वेगानेच जातं, झपकन गेलं तर हृदय बंद पडू शकतं. तुमच्या वॉर्डचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची ऑर्डर यापुढे हा कॉलम काही नाही. हे फक्त तुम्हाला आकडा समजावा म्हणून.

१५ टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये १५ ग्रॅम, म्हणजे १० एमएलच्या अँप्यूलमध्ये १.५ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइडचं मोलर मास ७४.५. दीड ग्रॅम भागिले ७४.५ म्हणजे ०.०२ मोल, म्हणजे २० मिलीमोल. १० एमएलमध्ये २० मिलीमोल, म्हणजे एका एमएलमध्ये २, म्हणजेच हे द्रावण २ मोलर आहे. मिलीइक्विव्हॅलंट म्हणजे मिलीमोल गुणिले आयनवरचे चार्ज, आणि पोटॅशियमवर एकच चार्ज असतो म्हणून इथे मिलीमोल आणि मिलीइक्विव्हॅलंट एकच. ३० भागिले २, झाले १५ एमएल, दीड अँप्यूल. सिस्टरांनी ते इतक्यांदा केलंय की त्यांना भागाकार दिसत पण नाही.

पण हे एकच आहे असं सगळीकडे धरून चालू नका, इथे फसायला होतं. मॅग्नेशियम सल्फेटची ५० टक्क्यांची अँप्यूल घ्या, २ एमएलमध्ये १ ग्रॅम. त्याचं मोलर मास पाण्याच्या सात रेणूंसकट २४६.५, म्हणजे १ ग्रॅममध्ये साधारण ४ मिलीमोल, पण मॅग्नेशियमवर दोन चार्ज असल्यामुळे मिलीइक्विव्हॅलंट झाले ८. ऑर्डरमध्ये कुठलं एकक लिहिलंय हे नीट वाचलं नाही तर डोस सरळ दुप्पट नाहीतर निम्मा होतो.

आणि जाता जाता, रोज हातात असते ती नॉर्मल सलाइनची बाटली, ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ, भागिले ५८.५, म्हणजे १५४ मिलीमोल. बाटलीवर बारीक अक्षरात सोडियम १५४, क्लोराइड १५४ छापलेलं असतं ते हेच. ५०० एमएलची बाटली गेली की ७७ मिलीमोल सोडियम गेलं.

*

एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोलला) लागून महिना झाला. मला ५ लिटर ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिड बनवायला सांगितलं. बाटलीवर मोलॅरिटी लिहिलेलीच नाही, फक्त ३५ टक्के आणि १.१८ असं आहे. शेजारच्याने सांगितलं २२० एमएल घे आणि ५ लिटर पाण्यात टाक. बरोबर आहे का? — बोईसर

अर्धं बरोबर आहे, आणि चुकलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

बाटलीवरच्या दोन आकड्यांतून मोलॅरिटी निघते. १.१८ ही घनता, म्हणजे एका लिटरचं वजन ११८० ग्रॅम. त्यातलं ३५ टक्के अॅसिड, म्हणजे ४१३ ग्रॅम. मोलर मास ३६.५, भागितलं की ११.३ मोल. म्हणजे बाटलीतलं अॅसिड ११.३ मोलर. बाटली ३७ टक्क्यांची असती तर साधारण १२ आलं असतं, म्हणून कुणी कॉन्क अॅसिड बारा मोलर असतं असं पाठ करून ठेवलं असेल तर ते सगळ्या बाटल्यांना लागू नाही.

आता तुम्हाला लागणार ५ गुणिले ०.५ म्हणजे २.५ मोल. २.५ भागिले ११.३ म्हणजे ०.२२१ लिटर, म्हणजे २२१ एमएल. इथपर्यंत तुमच्या शेजाऱ्याचा आकडा चोख.

पण ५ लिटर पाण्यात टाक हे चूक. तुम्हाला ५ लिटर द्रावण हवंय, ५ लिटर पाणी नाही. पाणी ५ लिटर आणि वर २२१ एमएल अॅसिड म्हणजे साधारण ५.२२ लिटर झालं, तेच अडीच मोल जास्त जागेत पसरले, मोलॅरिटी ०.४८ च्या आसपास आली. चार टक्क्यांचा फरक क्यूसीत कोण चालवून घेईल? म्हणून आधी तीन-साडेतीन लिटर डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, त्यात अॅसिड हळूहळू घालायचं, ढवळायचं, गार होऊ द्यायचं, आणि मग ५ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी. अॅसिड पाण्यात, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही, हे तुम्हाला सांगायला नको, पण सल्फ्युरिकच्या वेळी हेच विसरलं तर उकळी फुटून तोंडावर येतं म्हणून लिहितेय. आणि हे फ्यूम हूडमध्ये, बाटली उघडताना येणारा तो पांढरा धूर नाकात गेला की दिवसभर घसा जळतो.

दुसरं म्हणजे २२१ एमएल मोजायला पिपेट घेऊन बसू नका, मेजरिंग सिलिंडर पुरे. कारण ती ३५ टक्क्यांची बाटली किती वेळा उघडली गेलीये, त्यातला किती वायू उडून गेलाय हे लेबलला माहीत नाही, त्यामुळे आपण बनवलेलं द्रावण ०.५ च्या जवळपास असणार एवढंच, नेमकं किती ते टायट्रेशनने, म्हणजे माहीत असलेल्या पदार्थाशी रिअॅक्शन पुरी होईपर्यंत किती द्रावण लागतं ते मोजून, ठरवायचं. सोडियम कार्बोनेट ओव्हनमध्ये नीट सुकवून, गार करून त्यातलं ०.५३ ग्रॅम घ्या. १०६ ने भागलं की ५ मिलीमोल. एका कार्बोनेटला दोन अॅसिड लागतात, म्हणजे १० मिलीमोल. तुमचं द्रावण खरंच ०.५ मोलर असेल तर मिथिल ऑरेंज (रंग बदलून शेवट दाखवणारा इंडिकेटर) टाकून बरोबर २० एमएलला पिवळ्याचा रंग बदलायला पाहिजे. समजा २०.६ एमएल लागलं तर १० भागिले २०.६, तुमचं द्रावण ०.४८५ मोलर. तो आकडा, तारीख आणि सही बाटलीवर टाका, ०.५ लिहू नका. बऱ्याच लॅबमध्ये शेल्फवर ०.५ लिहिलेल्या बाटल्या असतात आणि आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

*

मी पूर्वी मिलच्या लॅबमध्ये होतो. आमच्या वेळी सगळं नॉर्मॅलिटीत असायचं, एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू, उत्तर तयार. आता नातवाच्या पुस्तकात सगळं मोलॅरिटी. मी त्याला एम वन व्ही वन सांगितलं तर सल्फ्युरिक अॅसिडच्या गणितात त्याचं उत्तर निम्मं आलं. चांगली चालणारी पद्धत का काढली? — सोलापूर

काका, तुमची तक्रार मला मान्य आहे, टायट्रेशनपुरती नॉर्मॅलिटी, म्हणजे मोलॅरिटी गुणिले रिअॅक्शनमध्ये एका रेणूमागे लागणारे हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन, फार सोयीची होती. पण तिची अडचण अशी की ती बाटलीवर चिकटत नाही, रिअॅक्शनवर चिकटते. पोटॅशियम परमँगनेट, पोरं ज्याला केएमएनओ फोर म्हणतात, ते आम्लात पाच इलेक्ट्रॉन घेतं आणि न्यूट्रल द्रावणात तीन. म्हणजे एकच बाटली, आत ०.०२ मोलर, एका कामाला ०.१ नॉर्मल आणि दुसऱ्या कामाला ०.०६ नॉर्मल. लेबलवर काय लिहायचं? मोलॅरिटी मात्र कुठेही नेली तरी ०.०२ च. बाटलीत काय आहे ते सांगायचं असेल तर तीच बरी.

पण मग रिअॅक्शनचं प्रमाण आपल्याला हाताने बघावं लागतं, आणि नातवाचं तिथेच निम्मं झालं. तुम्ही नॉर्मॅलिटी लिहायचात तेव्हा तो दोनचा आकडा आधीच आत शिरलेला असायचा. समजा २५ एमएल ०.१ मोलर सल्फ्युरिक अॅसिड आहे आणि ०.१ मोलर कॉस्टिक सोडा किती लागेल असं विचारलंय. अॅसिड २५ गुणिले ०.१ म्हणजे २.५ मिलीमोल. एका सल्फ्युरिकला दोन कॉस्टिक लागतात, म्हणजे कॉस्टिक ५ मिलीमोल. भागिले ०.१, म्हणजे ५० एमएल. नुसतं एम वन व्ही वन लावलं तर २५ येतं आणि मुलाला वाटतं आजोबांनी चुकीचं सांगितलं.

एम वन व्ही वन हे सूत्र फक्त पातळ करायला ठेवा, जिथे पदार्थ तोच राहतो आणि फक्त पाणी वाढतं. रिअॅक्शन आली की तीन पायऱ्या: हातात असलेल्याचे मिलीमोल, प्रमाण लावून दुसऱ्याचे मिलीमोल, मग भागाकार. बारावीच्या प्रॅक्टिकलचंच घ्या, १० एमएल ०.०५ मोलर ऑक्झॅलिक अॅसिड म्हणजे ०.५ मिलीमोल. पाच ऑक्झॅलिकला दोन परमँगनेट, म्हणजे ०.२ मिलीमोल. ०.०२ मोलर परमँगनेट असेल तर १० एमएल. आणि नातवाला सांगा, फ्लास्क ६०-७० डिग्रीला गरम करून मगच ब्युरेट सोड. गार द्रावणात पहिल्या थेंबाचा जांभळा रंग जाता जात नाही आणि पोरं तोच फिकट गुलाबी एंड पॉइंट समजून रीडिंग लिहून मोकळी होतात.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. गावातल्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा काढायचा उपक्रम घेतला. ५० एमएल पाणी, ०.०१ मोलर ईडीटीए (पाण्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवणारं रसायन). ब्युरेट पूर्ण ५० एमएल संपली तरी रंग निळा होईना! कुणी म्हणालं पाणी घालून पातळ करा. पण पाणी घातलं तर उत्तर कमी नाही का येणार? — लातूर जिल्हा

मुलांना घेऊन असला उपक्रम करताय याबद्दल आधी तुमचं कौतुक. ब्युरेट संपली हा काही बिघाड नाही, ते तुमच्या बोअरचं पाणी बोलतंय.

०.०१ मोलर ईडीटीएच्या १ एमएलमध्ये ०.०१ मिलीमोल. ईडीटीए आणि कॅल्शियम एकास एक जुळतात. कठीणपणा आपण कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात सांगतो, त्याचं मोलर मास १००, म्हणजे १ एमएल ईडीटीए बरोबर १ मिलीग्रॅम. मुद्दाम ०.०१ च का घेतात ते यातच आहे, हिशोब तोंडी होतो. तुमची ५० एमएल संपली म्हणजे ५० एमएल पाण्यात ५० मिलीग्रॅमहून जास्त, म्हणजे लिटरला १००० हून जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे. ६०० चं पाणी असतं तरी तुम्हाला ३० एमएलच लागलं असतं. म्हणजे ब्युरेट भरायच्या आधीच किती लागेल याचा अंदाज काढता येतो, आणि अंदाज ५० च्या वर जात असेल तर सँपल कमी घ्यायचं.

आता तुमचा मूळ प्रश्न. बोअरचं पाणी फक्त १० एमएल घ्या, पिपेटने, मोजून. त्यात ४० एमएल डिस्टिल्ड पाणी घाला. पातळ झालं, मोलॅरिटी पाचव्या हिश्श्यावर आली, पण फ्लास्कमधले कॅल्शियमचे मोल एकाने तरी कमी झाले का? ते १० एमएलबरोबर जेवढे आले तेवढेच आहेत, आणि ईडीटीए मोल मोजतं, ते किती पाण्यात पोहतायत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून ते ४० एमएल अंदाजाने घातलं तरी चालतं, पण १० एमएल मात्र अंदाजाने नाही. फक्त घालायचं पाणी डिस्टिल्डच हवं, नळाचं घातलं तर त्याचा कठीणपणा पण मोजला जाईल.

समजा आता १२.४ एमएल लागलं. १० एमएलमध्ये १२.४ मिलीग्रॅम, म्हणजे लिटरला १२४०. आणि रंग बदलत नसेल तर आणखी एक बघा, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घातलंय ना? पीएच १० च्या आसपास लागतो, नाहीतर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा इंडिकेटर नीट चालत नाही. वाइनसारख्या लाल रंगातून स्वच्छ निळा यायला हवा, मधला जांभळा म्हणजे अजून थोडं बाकी आहे. शेवटचे थेंब सावकाश टाका, मुलांना ते फार आवडतं.

*

थोडक्यात उत्तरं द्यायची राहिली ती अशी.

फ्लास्कवर २०° की २७°, कुठला घ्यावा? — ठाणे

दोन्ही बाजारात मिळतात, फ्लास्कची खूण ज्या तापमानाला बरोबर असते तो हा आकडा. २७° आपल्यासारख्या गरम देशांसाठी. काच आणि पाणी तापमानाबरोबर फुगतं म्हणून मोलॅरिटी पण किंचित हलते, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला त्याने काही फरक पडत नाही. पण गरम द्रावण फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरलंत तर मात्र पडतो, गार झाल्यावर पातळी खाली गेलेली दिसेल.

५० एमएल पाणी आणि ५० एमएल अल्कोहोल मिळून १०० एमएल होतं ना? — फलटण

नाही होत, साधारण ९६-९७ एमएल भरतं, कारण दोघांचे रेणू एकमेकांत जास्त घट्ट बसतात. म्हणूनच मोलॅरिटीचं द्रावण बनवताना पाणी किती घालायचं ते आधी वजाबाकी करून काढायच्या भानगडीत पडायचं नाही, खुणेपर्यंत भरायचं, जितकं लागेल तितकं.

मोलॅलिटी दिली असेल तर व्हॉल्यूम काढता येतं का? — कोल्हापूर

घनता दिली असेल तरच. मोलॅलिटी किलोभर द्रावकावर असते, त्यात लिटर कुठेच नाही. एक किलो पाण्यात १ मोल मीठ म्हणजे १ मोलॅल, सगळं मिळून वजन १०५८.५ ग्रॅम, त्याला द्रावणाच्या घनतेने भागलं की व्हॉल्यूम. घनता दिलेली नसेल आणि तरी व्हॉल्यूम विचारलं असेल तर प्रश्न पुन्हा वाच, बहुतेक वेळा एम लहान लिपीतला की मोठ्या लिपीतला हे बघायचं राहिलेलं असतं.